पुढे ढकललेला हक्क

पुणे महानगरपालिकेच्या कारभारात ‘वर्गीकरण’ हा नेहमीच्या वापरातला शब्द आहे. नवख्या माणसाला वाटेल, कसली तरी वर्गवारी चालली असेल. प्रत्यक्षात अर्थ साधा आहे. अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेला पैसा तिथून काढायचा आणि दुसऱ्या कामाला लावायचा, याला वर्गीकरण म्हणतात. उद्यानाच्या भिंतीचा पैसा रस्त्याला जातो, रस्त्याचा ड्रेनेजला जातो. स्थायी समितीपुढे विषय येतो, मंजूर होतो आणि ज्या गल्लीचे काम गेले त्या गल्लीला बहुतेक वेळा त्याचा पत्ताही नसतो.

घरोघरी हेच चालते. मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे आजीच्या ऑपरेशनला लागतात, हजसाठी बाजूला काढलेली रक्कम धाकट्याच्या फीमध्ये जाते. मग यात नैतिक प्रश्न तो कोणता? प्रश्न असा की, घरात कुणाच्या वाट्याचे गेले हे सर्वांना ठाऊक असते. मुलीला ठाऊक असते, बापाला ठाऊक असते आणि जेवायला बसल्यावर त्याची नजर तिच्याकडे जाते. पुढे हात सैल झाला की तिचा विषय पुन्हा निघतो, आईच काढते. सरकारच्या घरात ही नजर नसते. पैसा एका लेखाशीर्षाखालून दुसऱ्या लेखाशीर्षाखाली जातो आणि ज्याचे गेले तो माणूस त्या कागदावर कुठेच नसतो.

२०२० साली हे फार मोठ्या प्रमाणावर घडले, म्हणून त्या वर्षाचा विचार आम्हांला येथे करायचा आहे. साथ ओसरली, मुखपट्ट्या गेल्या, त्या दिवसांबद्दल बोलायचाही लोकांना कंटाळा आला आहे. पण त्या वर्षीच्या अंदाजपत्रकांचा हिशेब मिटला असे आम्हांला वाटत नाही.

आधी वस्तुस्थिती. २०२०-२१साठी पुणे पालिकेच्या आयुक्तांनी ६,२२९ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक मांडले होते. स्थायी समितीने ते फुगवून ७,३९० कोटींवर नेले. म्हणजे करोना येण्यापूर्वीच या शहराने अकराशे कोटींहून अधिक रकमेची आश्वासने आयुक्तांच्या हिशेबाच्या वर चढवून ठेवली होती. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले, पालिकेच्या नायडू रुग्णालयात दाखल झाले. दोन आठवड्यांत देश बंद झाला. बांधकामे थांबली, दुकाने बंद, कर भरायला कोण येणार?

राज्याचे तेच. अजित पवारांनी ६ मार्चला विधिमंडळात अर्थसंकल्प मांडला आणि दोन महिने पुरे व्हायच्या आत, ४ मे रोजी, वित्त विभागाने त्यावर रेघ ओढली. रमजानचा तो दहावा रोजा होता. आदेश असा : विभागांना वर्षाच्या तरतुदीपैकी ३३ टक्केच निधी मिळेल, कोणतेही नवीन काम सुरू करायचे नाही, मंजूर झालेले असले तरी नाही, आणि नवीन नोकरभरती नाही. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, मदत व पुनर्वसन, अन्न व नागरी पुरवठा, अन्न व औषध प्रशासन यांना प्राधान्य. बाकीच्यांनी एक तृतीयांशात वर्ष काढावे. सप्टेंबरमध्ये दोन दिवसांचे अधिवेशन झाले, त्यात सुमारे २९ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या मंजूर करून घेण्यात आल्या. राज्यघटनेच्या कलम २०५मध्ये याची सोय आहेच, त्यामुळे बेकायदा असे काही झाले नाही.

चूक झाली का? आमचे मत स्पष्ट आहे : त्या वेळी दुसरे काही करण्याजोगे नव्हते. एप्रिलमध्ये भवानी पेठ, कसबा, नाना पेठ, लोहियानगर, काशेवाडी या भागांत काय चालले होते ते या अंकाच्या पुष्कळ वाचकांना कुणी सांगायला नको. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे आणि वीस-पंचवीस घरांत एक संडास, तिथे ‘अंतर ठेवा’ हे वाक्य ऐकून माणसे हसत होती. गल्ल्या पत्रे लावून बंद झाल्या. अशा वेळी सरकारने संमेलनांना, सुशोभीकरणाला, नव्या फर्निचरला पैसे दिले असते तर आपणच त्याला बोल लावला असता. पैसा खाटांना, प्राणवायूला, रेशनला गेला पाहिजे होता.

काही निर्णय तर चांगल्या विवेकाने घेतलेले होते, तेही सांगितले पाहिजे. मार्च २०२०चे वेतन देताना राज्य सरकारने लोकप्रतिनिधींचे ६० टक्के, अ आणि ब वर्गाचे ५० टक्के, क वर्गाचे २५ टक्के रोखण्याची घोषणा केली आणि ड वर्गाला, म्हणजे शिपाई-सफाईवाल्यांना, हातही लावला नाही. पुढे ती कपात नसून दोन टप्प्यांत पगार आहे असा खुलासा झाला. तो बाजूला ठेवला तरी क्रम बरोबर होता, ज्याचा खांदा मोठा त्याच्यावर ओझे आधी. दहा रुपयांची शिवभोजन थाळी पाच रुपयांना झाली, २०२१च्या एप्रिलमध्ये काही काळ मोफतही झाली. हीसुद्धा वर्षाच्या मधे बदललेल्या तरतुदींचीच उदाहरणे आहेत.

तेव्हा पैसा हलवला हा आक्षेप नाही. तो कुणाच्या ताटातून उचलला आणि नंतर त्या ताटाचे काय झाले, हा आहे.

आपल्या फिकहमध्ये एक प्रसिद्ध नियम आहे. जरूरत, म्हणजे जीवावर बेतलेली निकड, मना असलेली गोष्टही जायज करते. उपाशी मरणाऱ्या माणसाने हराम घास खाल्ला तर त्याच्यावर गुन्हा नाही. हा नियम मोहल्ल्यातल्या पोरालाही माहीत असतो. त्याला लागूनच दुसरा नियम आहे, तो मात्र फारसा कुणी सांगत नाही. जरूरत तिच्या मापाइतकीच धरायची. जीव वाचेल इतकाच घास, पोट भरून नव्हे. निकड संपली की सवलत संपली. सरकारे पहिला नियम फार लवकर शिकतात. दुसऱ्याशी त्यांचे जमत नाही, आणि ही काही एका पक्षाची गोष्ट नाही.

‘नवीन काम सुरू करायचे नाही, चालू काम चालू द्यायचे’ हे त्या आदेशातले वाक्य आम्ही अनेकदा वाचले. दिसायला ते अगदी निःपक्षपाती आहे. त्यात जात नाही, धर्म नाही, पेठ नाही. तरीही ते सर्वांना सारखे लागत नाही. चालू काम कुणाचे असते? ज्याचा हात आधी पोचला त्याचे. ज्या भागाचा नगरसेवक वजनदार, ज्या संस्थेचा माणूस मंत्रालयात, ज्या ठेकेदाराचा करार झालेला, त्यांचे. आणि नवीन काम कुणाचे? ज्याचा नंबर आत्ता कुठे लागणार होता त्याचे. ज्याने दहा वर्षे अर्ज केले, शिष्टमंडळे नेली, ज्याच्या वस्तीतल्या दवाखान्याला यंदा पहिल्यांदा तरतूद दिसली, त्याचे. रांग थांबवली की जे खिडकीतून तिकीट घेऊन गेले त्यांचे काही बिघडत नाही. रांगेच्या शेपटाला उभ्या असलेल्यांना घरी जावे लागते. आपल्या देशात रांगेच्या शेपटाला कोण उभे असते याची यादी सच्चर समितीने २००६ साली देऊन ठेवली आहे. दलित, आदिवासी, भटके यांच्यासाठी तर समितीचीही गरज नव्हती.

ठेकेदाराचे घ्या. त्याच्याजवळ कार्यादेश असतो. काम थांबवले तर तो कोर्टात जाईल, नुकसानभरपाई मागेल. म्हणून त्याचे काम ‘बांधील खर्च’ ठरते. जो दवाखाना बांधला जाणार होता, त्यात जी बाई आपले पोर घेऊन येणार होती, तिच्याजवळ काय कागद आहे? सरकार तिचे काही बांधील नाही. अंदाजपत्रकात तिच्यासाठी ठेवलेली रक्कम हा करार नव्हता, नुसता इरादा होता, असे कायदा म्हणेल. आम्ही म्हणतो, ती अमानत होती. लोकांचा पैसा लोकांसाठी म्हणून जाहीरपणे बाजूला काढून ठेवला की तो ठेवणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. अमानत अडचणीत वापरायची वेळ आली तर वापरावी. पण ती वापरली हे ज्याची आहे त्याला सांगावे लागते आणि परत करावी लागते.

पुण्यातलेच उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये शहराच्या भोवतालची ११ गावे पालिकेच्या हद्दीत आली. त्यांत उंड्री होते, फुरसुंगी आणि उरुळी देवाचीही होती. या शेवटच्या दोन गावांनी कित्येक दशके आख्ख्या पुण्याचा कचरा आपल्या उरावर घेतला आहे. पाणी, ड्रेनेज, रस्ते या साऱ्यांसाठी ही गावे रांगेत अगदी मागे उभी होती, कारण ती आलीच उशिरा. तिसऱ्या वर्षी साथ आली, उत्पन्न आटले आणि पालिकेतही ‘अत्यावश्यक तेवढेच’ हे सूत्र लागले. उशिरा आलेल्याला आपत्तीत सर्वांत आधी बाहेर थांबावे लागते. पुढे तर ती दोन गावे पालिकेतूनच वेगळी काढण्यात आली. कचऱ्याचा डेपो मात्र तिथेच आहे. असो.

नोकरभरतीचेही तसेच. सदाशिव पेठेत, नवी पेठेत खोल्या घेऊन राहणारी हजारो मुले एमपीएससीचा अभ्यास करतात. त्यात लातूर, बीड, परभणीची मुले असतात, आपल्या समाजातली मुले-मुलीही आता दिसू लागली आहेत. बाप शेत गहाण टाकतो, आई बचत गटाचे कर्ज काढते, ते या आशेवर. सरकारने एक वर्ष भरती थांबवली म्हणजे तिजोरीच्या हिशेबात एक वर्षाची बचत झाली. मुलाच्या हिशेबात वयोमर्यादेतले एक वर्ष गेले, खोलीभाड्याचे एक वर्ष वाढले, बहिणीचे लग्न एक वर्ष लांबले. परीक्षा पुन्हा पुन्हा पुढे गेल्या. मार्च २०२१ मध्ये परीक्षा तीन दिवसांवर आली असताना ती पुन्हा पुढे ढकलली तेव्हा पुण्याच्या रस्त्यावर मुले उतरली. त्याच वर्षी जूनअखेरीस परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहणाऱ्या एका तरुणाने पुण्यात आपले आयुष्य संपवले. विलंबाची कारणे एकापेक्षा जास्त होती. साथ होती, कोर्टातला आरक्षणाचा वाद होता, सरकारची नेहमीची संथगतीही होती. सगळे खापर वित्त विभागाच्या एका कागदावर फोडणे बरोबर होणार नाही. पण त्यानंतर काही दिवसांतच साडेपंधरा हजार पदे भरण्याची घोषणा सरकारला करता आली, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. जी पदे जुलैमध्ये भरता येणार होती ती जूनमध्येही रिकामीच होती.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. ४ मे याच दिवसापासून राज्यात दारूची दुकाने उघडायला परवानगी मिळाली. मशिदी बंद, मंदिरे बंद, शाळा बंद आणि दारूच्या दुकानापुढे रांगा. आपल्याकडे यावर पुष्कळ चेष्टा झाली, काहींनी प्रवचनेही झोडली. आम्हांला त्यात प्रवचनापेक्षा हिशेब दिसतो. जे राज्य शिपायाचा पगार देण्यासाठी दारूच्या उत्पादन शुल्कावर अवलंबून राहते, त्याने गरिबाकडून घेतले आणि गरिबालाच दिले, आणि मधल्यामधे त्याचे घर मोडले. दुसरी गोष्ट मिळकतकराची. उत्पन्न वाढावे म्हणून पालिकेने २०२०च्या ऑक्टोबरपासून अभय योजना आणली, थकबाकीवरच्या शास्तीत ८० टक्के सूट दिली. पैसा हवा होता, मान्य. पण लॉकडाऊनमध्ये दागिना मोडून वेळेवर कर भरणाऱ्या भवानी पेठेतल्या विधवेला त्यातून काय संदेश गेला? निकडीत केलेली तडजोड कुणाला बक्षीस देते, हेही पाहावे लागते.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. कारण वर्षाच्या मधे खजिन्याचे नियम बदलण्याचा प्रसंग आपल्या परंपरेत फार मोठ्या माणसावर येऊन गेलेला आहे.

हिजरी १८च्या सुमारास, म्हणजे इ.स. ६३९च्या आगेमागे, हजरत उमर (रजि.) खलिफा असताना अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. जमीन राखेसारखी झाली, वारा सुटला की राख उडावी तशी माती उडे. म्हणून त्या वर्षाला ‘आमुर्रमादा’, राखेचे वर्ष, असे नाव पडले. त्याच सुमारास शाममध्ये अमवासची प्लेगची साथ आली, तीत सेनापती अबू उबैदा यांच्यासारखी माणसे गेली. दुष्काळ आणि साथ एकदम. रिवायती सांगतात की उमर यांनी लोकांना मिळेपर्यंत तूप आणि मांस स्वतःवर बंद करून घेतले. तेल आणि कोरडी भाकर खाऊन त्यांचा रंग काळवंडला. इजिप्तला, शामला, बसऱ्याला पत्रे लिहून धान्य मागवले. मदिनेच्या भोवती जमलेल्या भटक्या टोळ्यांसाठी रोज चुली पेटत. भुकेपोटी चोरी करणाऱ्याचा हात त्या वर्षी कापला नाही. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या वर्षी जकात वसूल करणारे त्यांनी पाठवले नाहीत.

जकात ही काही राजाची मर्जी नाही. सूरह तौबामध्ये तिची आठ खाती ठरवून दिलेली आहेत. फकीर, मिसकीन, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला मुसाफिर वगैरे. ती गोरगरिबांचा हक्क आहे. तो हक्क खलिफाने पुढे ढकलला. मेलेल्या उंटांवर जकात मागणे हा जुलूम झाला असता. पुढच्या वर्षी पाऊस पडला, कुरणे हिरवी झाली, तेव्हा त्यांनी वसुली करणारे पाठवले आणि सांगितले, दोन वर्षांची घ्या. एका वर्षाची तिथल्या तिथे गरिबांत वाटा, दुसऱ्या वर्षाची मदिनेला आणा.

या दोन वर्षांच्या जकातीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. खलिफाने हक्क पुढे ढकलला होता, बुडवला नव्हता. राखेच्या वर्षी ज्या मिसकीनाला मिळायचे होते ते त्याच्या नावावर उभे राहिले, आणि पाऊस पडताच कुणी मोर्चा न काढता ते द्यायला सरकार त्याच्या दारी गेले.

आपल्या अंदाजपत्रकाची रचनाच उलटी आहे. ३१ मार्च आला की न खर्चलेला पैसा व्यपगत होतो, गावाकडच्या भाषेत ‘निधी परत गेला’. १ एप्रिलला पाटी कोरी. नव्या वर्षात नवी मागणी, नवा प्रस्ताव, नवी मंजुरी, नवी रांग. ज्या वसतिगृहाचा निधी २०२०-२१ मध्ये रोखला, त्याला २०२१-२२ मध्ये दोन वर्षांचा निधी मिळाला पाहिजे असे कोणताही कायदा म्हणत नाही. मागच्या वर्षी तुमचे काढून घेतले होते, याची नोंद ठेवणारा रकानाच अंदाजपत्रकाच्या पुस्तकात नाही. सरकार ‘स्थगिती’ म्हणते, पण ती स्थगिती बारा महिन्यांत आपोआप रद्द होण्यात बदलते आणि ते कुणालाच सांगावे लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की, पैसा वर्षाअखेर संपतो हा नियम मुळात लोकशाहीच्या रक्षणासाठी आहे. सरकारने दरवर्षी लोकप्रतिनिधींपुढे हात पसरावा, जुन्या मंजुरीच्या जोरावर मनमानी करू नये, म्हणून तो आला. हे खरे आहे आणि तो नियम मोडा असे आम्ही म्हणत नाही. सातव्या शतकातली मदिना उचलून मंत्रालयात बसवता येणार नाही, तशी इच्छाही नाही. खलिफाला विधानसभा नव्हती, लेखापरीक्षक नव्हता, त्याची नीयत हीच हमी होती. आपल्याला नीयतीवर अवलंबून राहायचे नाही, म्हणून तर नियम हवा. पैसा संपू दे, पण देणे संपू नये, एवढेच म्हणणे आहे. कर्जरोख्यांचे व्याज एका ३१ मार्चला व्यपगत होत नाही, ते पुढच्या वर्षी बिनबोभाट उभे राहते. जे सावकाराच्या बाबतीत जमते ते वसतिगृहाच्या बाबतीत का जमू नये?

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. साथीत पैसा खरोखर नव्हताच, मग परत काय करणार? येथे ससून रुग्णालयाची आठवण करून द्यावीशी वाटते. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभ्या राहिलेल्या या रुग्णालयाच्या आवारात अकरा मजली नवी इमारत कित्येक वर्षे अर्धवट उभी होती. येणारा-जाणारा ती पाहत असे. एप्रिल २०२० मध्ये ती काही आठवड्यांच्या धावपळीत रुग्णांसाठी उघडली. ऑगस्टमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर आठशे खाटांचे जंबो रुग्णालय काही आठवड्यांतच उभे राहिले. पालिकेचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय वर्षानुवर्षे चर्चेत होते, तेही २०२२ मध्ये सुरू झाले. याचा आनंदच आहे. पण मग आधीच्या दहा वर्षांत पैसा नव्हता की घाई नव्हती? साथ पेठेबाहेर, सोसायट्यांत, बंगल्यांत गेली तेव्हा घाई आली. क्षयरोग काशेवाडीतून फारसा बाहेर जात नाही, त्याच्यासाठी कुणी मैदानावर मांडव घालत नाही. गरिबाची आपत्ती दर वर्षी येते, म्हणून तिला आपत्ती म्हणत नाहीत.

१८९७च्या प्लेगमध्येही हेच शहर होते. त्या वर्षी केलेला साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा काढून वापरला गेला. सव्वाशे वर्षे पुरला तो. घरात शिरण्याचा, रस्ता अडवण्याचा अधिकार सरकारला त्यात आहे. साथीच्या नावाने ज्याचे काढून घेतले त्याला परत देण्याचे एकही कलम त्यात नाही. सावित्रीबाई फुले त्याच प्लेगात रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांनी कुठल्या लेखाशीर्षाची वाट पाहिली नव्हती.

हे सगळे सरकारला सुनावून मोकळे होता येणार नाही, कारण आपल्या मोहल्ल्याचेही अंदाजपत्रक असते. २०२०च्या रमजानमध्ये तेही मधेच बदलले. इचलकरंजीच्या मुसलमानांनी रमजानमध्ये ३६ लाख रुपये गोळा करून तिथल्या इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. पुण्यात आझम कॅम्पसच्या मशिदीचा एक मजला विलगीकरणासाठी देऊ करण्यात आला. कोंढव्यातल्या, कॅम्पातल्या पोरांनी रेशनचे संच वाटले, आणि नातेवाईक हात लावायला घाबरत होते अशा मय्यती दफन केल्या, काही ठिकाणी चितेलाही खांदा दिला. त्या दिवसांत वाहिन्यांवर मुसलमानांविषयी जे बोलले जात होते ते ऐकत ही पोरे कामे करत होती. त्यांचे मोल आम्ही येथे काय सांगावे.

पण इथेही वर्गीकरण झालेच. दर रमजानला ज्या जकातीतून मुलींच्या फिया भरल्या जात, अनाथाश्रमाचे वर्षाचे धान्य येई, गावोगावच्या छोट्या मदरशांतल्या उस्तादांचा पगार निघे, ती जकात त्या वर्षी रेशनच्या संचांत गेली. चंदा जमा करणारे गावांतून निघूच शकले नाहीत. उलेमांमध्ये चर्चा झाली. जकात आगाऊ देता येते का, तर येते, प्रेषितांनी आपले चुलते अब्बास यांच्याकडून दोन वर्षांची आगाऊ घेतल्याची रिवायत आहे. जकातीतून रुग्णालयाचे यंत्र घेता येते का, तर मतभेद आहेत, कारण गरिबाला मालक बनवणे, तमलीक, ही अट अनेकांच्या मते आवश्यक आहे. वक्फचे उत्पन्न वाकिफने घातलेल्या अटीबाहेर वळवता येते का, यावर तर शतकांची चर्चा आहे. आम्हांला या चर्चा कीस काढणाऱ्या वाटत नाहीत. पैसा कुणाच्या नावाने घेतला आणि कुणाला दिला, हे विचारण्याची सवय ज्या समाजाला आहे, त्याने ती मशिदीच्या दारात सोडून पालिकेत जाऊ नये. त्या वर्षी फी न भरल्यामुळे शाळा सुटलेल्या मुलींची यादी आपल्या किती ट्रस्टांनी नंतर काढली, हा प्रश्नही त्याच सवयीतून येतो. ज्यांनी काढली त्यांना ठाऊक आहे की त्यांतल्या काहींची तोवर लग्ने होऊन गेली होती. अशा मुलीला दोन वर्षांची फी एकदम दिली तरी ती नववीच्या वर्गात परत येत नाही. उमर यांचा उपायही येथे पुरा पडत नाही. उंटांची पैदास पुन्हा होते. मुलीचे पंधरावे वर्ष एकदाच येते.

म्हणून आम्हांला वाटते, कपात करताना वेळेचाही दर्जा लावला पाहिजे. काही कामे थांबली तर थांबलीच राहतात आणि पुन्हा सुरू होतात. पूल, इमारत, स्मारक, दुभाजक. ती खुशाल दोन वर्षे थांबवावीत. ज्या कामात माणसाचे वय अडकलेले आहे, म्हणजे शाळा, शिष्यवृत्ती, वसतिगृह, लसीकरण, बाळंतिणीचा आहार, भरतीची परीक्षा, ते कपातीच्या यादीत सर्वांत शेवटी यावे. ४ मेच्या आदेशात प्राधान्य विभागांना होते, वयाला नव्हते. शाळा आरोग्य खात्यात येत नाही, म्हणून ती ‘इतर’ झाली.

मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षे पालिकेचे अंदाजपत्रक प्रशासकानेच मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. त्या काळात वर्गीकरण झाले तर विरोधात हात वर करायलाही सभागृहात कुणी नव्हते. अंदाजपत्रकाचे पुस्तक मात्र दर वर्षी निघते, मराठीत निघते आणि पाहायला मिळते. प्रभागाच्या पानावर आपल्या वस्तीचे नाव असते, त्यापुढे कामाचे नाव आणि रक्कम. २०२०-२१चे पुस्तक आणि त्यानंतरची पुस्तके शेजारी ठेवून भवानी पेठेची, कोंढव्याची, लोहियानगरची पाने ताडून पाहायला कुणा पदवीधर मुला-मुलींचे चार रविवार पुरतील. कोणते नाव गळले आणि पुन्हा आले नाही, एवढेच वहीत उतरवायचे. मशिदीच्या कमिटीचा हिशेब तपासायला आपल्याकडे निवृत्त लेखनिक, बँकेतले लोक असतातच, त्यांतला एखादा सोबत घ्यावा.